प्लिंथ जवळ नसताना हात कसा बसवावा

फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : "डेमोच्या वेळी एका प्लिंथभोवती, म्हणजे रुग्णाला तपासण्याच्या पलंगाभोवती, आम्ही बारा-पंधरा जण उभे असतो आणि प्रत्येकाला एखादी चाचणी स्वतःच्या हाताने एक-दोनदाच करायला मिळते. सुट्टीत गावी गेले की सरावाला जोडीदारही नसतो. पायऱ्या तोंडपाठ आहेत, पण रुग्णासमोर उभी राहिले की हात चालत नाही. मनातल्या मनात सराव करून प्रॅक्टिकल कौशल्ये खरोखर येतात का? येत असतील तर तो सराव नेमका कसा करायचा?"

मनातल्या सरावाने निश्चित फायदा होतो. मात्र तुम्ही सध्या जे करत आहात, म्हणजे पायऱ्या पाठ म्हणणे, तो मनातला सराव नव्हे. ते पाठांतर आहे. गेली बावीस वर्षे मी फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना प्रॅक्टिकल शिकवत आहे आणि हा गोंधळ मला दर वर्षीच्या तुकडीत दिसतो. पायऱ्यांची यादी शब्दांत साठवलेली असते. रुग्णासमोर मात्र हाताला शब्द लागत नाहीत. अंगठा कुठे टेकवायचा, किती जोर लावायचा, कशाची वाट पाहायची आणि काय जाणवले की थांबायचे, हे हाताला माहीत असावे लागते.

एक उदाहरण देते. गुडघ्याचे पुढचे क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड जोडणारा पट्टा, शाबूत आहे का हे पाहायला आपण लॅकमन चाचणी करतो. एका विद्यार्थिनीने मला ती घडाघडा सांगितली : रुग्ण उताणा, गुडघा 20 ते 30 अंशांत वाकवलेला, एका हाताने मांडीचे हाड स्थिर, दुसऱ्या हाताने नडगीचे हाड पुढे. सगळे बरोबर होते. मग मी तिला डोळे मिटायला लावले आणि विचारले, "आत्ता तुझा उजवा अंगठा कुठे आहे?" ती थांबली. "रुग्णाची टाच कुठे टेकली आहे? मांडीचे मागचे स्नायू सैल आहेत हे तुला कशावरून कळले?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. हे मागचे, म्हणजे हॅमस्ट्रिंग स्नायू आवळलेले असतील तर ते नडगी मागे ओढून धरतात आणि लिगामेंट तुटलेले असूनही चाचणी निर्दोष वाटू शकते. तिच्या मनातल्या चित्रात ते स्नायूच नव्हते. डोळे मिटल्यावर चित्र ज्या ठिकाणी पुसट झाले, नेमके तेच तिला येत नव्हते, आणि पायऱ्या म्हणताना ते तिच्या कधीच लक्षात आले नसते. मनातल्या सरावाचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच आहे : आपल्याला काय येत नाही, याचा नेमका पत्ता तो देतो.

आता हा सराव मुळात काम का करतो, ते पाहू. एखादी हालचाल मनात घडवताना मेंदूतील हालचालींचे नियोजन करणारे भाग बऱ्याच अंशी प्रत्यक्ष हालचालीच्या वेळेसारखेच कामाला लागतात. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अल्व्हारो पास्कुअल-लिओन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक क्रम शिकवण्यात आला. एका गटाने पाच दिवस रोज दोन तास तो प्रत्यक्ष वाजवला, तर दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ वाद्यासमोर बसून तो फक्त मनात वाजवला. दोन्ही गटांत बोटांच्या स्नायूंचा मेंदूतला नकाशा, म्हणजे ते स्नायू चालवणारा मेंदूचा भाग, विस्तारलेला आढळला. कामगिरीत मनातल्या सरावाचा गट पाचव्या दिवशी साधारणपणे प्रत्यक्ष सरावाच्या गटाच्या तिसऱ्या दिवसाइतका पुढे आला होता, आणि त्यानंतर एकदाच दोन तास प्रत्यक्ष वाजवल्यावर त्याने उरलेले अंतर भरून काढले. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग नेहमी सांगते, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. केवळ मनातला सराव प्रत्यक्ष सरावाची बरोबरी करू शकला नाही, परंतु त्याने हात इतका तयार ठेवला की प्रत्यक्ष संधी मिळताच तिचा पुरेपूर उपयोग झाला. तुम्हाला प्लिंथवर एकदाच संधी मिळणार असेल, तर त्या संधीआधी आणि नंतर मनात काय केले यावर तिचे मोल ठरते.

ड्रिस्केल, कॉपर आणि मोरान यांनी 1994 साली तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही चित्र असेच दिसले. मनातल्या सरावाने कामगिरी सुधारते, पण प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी. ज्या कामांत क्रम, निर्णय आणि विचार अधिक असतो तिथे फायदा जास्त, तर निव्वळ ताकदीच्या किंवा शारीरिक कामांत कमी. परिणाम काळानुसार ओसरतो आणि साधारण दोन आठवड्यांत निम्म्यावर येतो. एकूण सुमारे 20 मिनिटांचा सराव सर्वांत फलदायी ठरतो, त्यापुढे ताणत नेण्यात हशील नाही. नवशिक्यांना विचारप्रधान कामांत लाभ होतो, परंतु शारीरिक कामांत तो मिळण्यासाठी आधी थोडा प्रत्यक्ष अनुभव गाठीशी असावा लागतो. या शेवटच्या मुद्द्यावर मला आणखी थोडे बोलायचे आहे.

जो स्पर्श तुमच्या हाताने कधी घेतलेलाच नाही, तो मनात आणता येत नाही. मेटलंड यांच्या उपचारपद्धतीत मोबिलायझेशन, म्हणजे हाताने सांधा लयीत हलवणे, चार श्रेणींत केले जाते. त्यातली पहिली आणि दुसरी श्रेणी सांध्याचा अटकाव येण्याआधी थांबते, तर तिसरी आणि चौथी त्या अटकावात शिरते. हे वाक्य कितीही वेळा घोकले तरी अटकाव म्हणजे काय हे बोटांना कळत नाही. त्यासाठी शिक्षकांनी तुमच्या हातावर हात ठेवून "हा बघा, इथे" असे एकदा तरी दाखवावे लागते. म्हणून माझा नियम असा आहे की, जे किमान दोन-तीनदा स्वतःच्या हाताने केले आहे आणि ज्यात शिक्षकांनी चूक सुधारून दिली आहे, तेच मनातल्या सरावाला घ्यावे. नाही तर चुकीची पकड मनात शंभर वेळा गिरवली जाते आणि ती पुढे मोडायला दुप्पट वेळ जातो.

ज्यांनी तबला शिकला आहे किंवा जवळून ऐकला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. कायदा, म्हणजे तबल्यातली एक बांधीव रचना, हातात येण्याआधी गुरू त्याची पढंत करवून घेतात, म्हणजे हाताने ताल देत बोल तोंडाने म्हणायला लावतात, आणि तेही लयीत. त्या पढंतीत बोलांबरोबर काळही मोजला जातो. तुमच्या सरावात नेमका हा काळच हरवतो.

काळाचे महत्त्व दाखवणारा एक जुना प्रयोग फार बोलका आहे. 1989 साली डेसेटी आणि सहकाऱ्यांनी माणसांना ठरावीक अंतर प्रत्यक्ष चालायला आणि मनात चालायला लावले. दोन्हींना लागलेला वेळ जवळजवळ सारखाच आला. मग पाठीवर 25 किलो वजन दिले, तेव्हा प्रत्यक्ष चालण्याचा वेळ तोच राहिला, पण मनातल्या चालण्याचा वेळ वाढला, कारण मनाने त्या वजनाचे श्रमही हिशोबात धरले. म्हणजे मनातली हालचाल खरी असेल तर तिला वेळ लागतोच. यावरून स्वतःची परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. पक्षाघात झालेल्या रुग्णाला पलंगावरून व्हीलचेअरवर बसवायला तुम्हाला प्रत्यक्षात दोन मिनिटे लागत असतील आणि मनात ते वीस सेकंदांत उरकत असेल, तर तुम्ही काही तरी गाळले आहे. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, डोळे मिटा, पहिल्या कृतीपासून शेवटच्या कृतीपर्यंत जा आणि वेळ पाहा. तो खऱ्या वेळेच्या जवळ आला पाहिजे.

हेच व्हीलचेअरचे उदाहरण आता सविस्तर घेऊ, कारण मनातला सराव कसा करायचा हे एखादे काम पूर्ण करून पाहिल्याशिवाय समजत नाही. डाव्या बाजूचा पक्षाघात झालेल्या सत्तर वर्षांच्या आजी पलंगावर बसलेल्या आहेत. सर्वप्रथम तुमचे स्वतःचे पाय कुठे आहेत ते पाहा. मग खुर्चीकडे वळा. ती आजींच्या चांगल्या, म्हणजे उजव्या बाजूला पलंगाशी तिरकी लावा, हाताने ब्रेक ओढा आणि तो लागल्याचा आवाज ऐका. पायठेवे वर करून बाजूला सारा. आता आजींकडे या. त्यांचा डावा हात मांडीवर नीट ठेवलेला आहे का? तो लोंबकळत असेल तर उभे राहताना खांद्याला ओढ बसेल, आणि पक्षाघाताच्या खांद्याला अशी ओढ परवडत नाही. त्यांना पलंगाच्या कडेला आणा, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवा आणि पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. तुमचा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्यासमोर टेकू द्या, म्हणजे तो गुडघा अचानक सुटणार नाही. हात कमरेच्या पट्ट्यावर किंवा ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना असू द्या, काखेत अजिबात नकोत. मग तुमच्या तोंडून निघणारे वाक्य मनात नव्हे, तर मोठ्याने म्हणा : "आजी, पुढे वाका, आणखी पुढे, आता माझ्याबरोबर उठा." त्या वाकल्या की त्यांचे वजन पायांवर आल्याचे तुमच्या हातांना जाणवते. ती जाणीव आल्याशिवाय उठवायचे नाही. उभ्या राहिल्यावर एक क्षण थांबा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. मग छोटी पावले टाकत वळा, खुर्चीची कड त्यांच्या पोटऱ्यांना लागली की त्यांना उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवायला सांगा आणि सावकाश बसवा. खुर्चीत त्या मागे सरकून बसल्या का, पायठेवे परत लावले का, डावा हात चाकाजवळ तर नाही ना, हे पाहिल्यावरच काम संपले.

हे वाचताना तुमचे मन कुठे अडखळले, तिथे वहीत खूण करा. माझ्या अनुभवात विद्यार्थी बहुधा तीन ठिकाणी अडखळतात : ब्रेक, लुळा हात आणि स्वतःची पाठ. शेवटच्या ठिकाणी विशेष. मनात सगळे रुग्ण हलके असतात, त्यामुळे कंबर वाकवून उचलण्याची सवय मनातच लागते आणि इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यात पाठदुखी घेऊन मुले माझ्याकडे येतात. म्हणून मनातल्या रुग्णाला वजन द्या. डेसेटींच्या प्रयोगातील माणसांना ते वजन जाणवत होते, तसे तुम्हालाही जाणवू द्या.

वरच्या वर्णनात सर्व काही तुमच्या स्वतःच्या डोळ्यांतून दिसते आहे, हे लक्षात घ्या. अनेक जण स्वतःला बाहेरून, व्हिडिओत दिसावे तसे पाहतात. उभे राहण्याची ढब तपासायला ते चालते, पण हाताचे काम शिकायला आतून पाहणे अधिक उपयोगी पडते, कारण तेव्हाच पकड आणि दाब जाणवतात. पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स यांनी 2001 साली खेळाडूंसाठी 'पेटलेप' नावाची एक चौकट मांडली. तिच्यात शरीराची स्थिती, परिसर, काम, वेळ, शिकण्याची पायरी, भावना आणि दृष्टिकोन अशा सात गोष्टी प्रत्यक्षाशी जितक्या जुळवता येतील तितक्या जुळवा, असे म्हटले आहे. आपल्या कामात यातली शरीराची स्थिती आणि परिसर सर्वाधिक दुर्लक्षित राहतात. अंथरुणात लोळत केलेला सराव कच्चा राहतो. अॅप्रन घाला, उभे राहा, गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचे साधन, खरोखर हातात घ्या. गुडघ्याच्या वाकण्याचे माप घेत असाल तर त्याचा मध्य मांडीच्या हाडाच्या बाहेरील एपिकोंडाइलवर (गुडघ्याजवळच्या उंचवट्यावर), स्थिर भुजा ग्रेटर ट्रोकँटरकडे (खुब्याजवळच्या उंचवट्याकडे) आणि हलती भुजा बाहेरच्या घोट्याकडे, हे करताना हात हवेत का होईना, त्या जागी जाऊ द्या. हाडांच्या खुणा स्वतःच्याच पायावर चाचपता येतात. घरात कोणी तयार असेल तर माप प्रत्यक्ष घेऊनही पाहता येते. मात्र मोबिलायझेशन किंवा लिगामेंटच्या चाचण्या घरच्यांवर करून पाहू नका.

काही कामांत मनातला सराव मला फारच मोलाचा वाटतो, आणि ती आहेत काळजीपूर्वक क्रमाची कामे. शॉर्ट वेव्ह डायथर्मी, म्हणजे विद्युतलहरींनी शरीराच्या आत उष्णता देण्याचा उपचार, लावण्यापूर्वी पेसमेकर आहे का, शरीरात धातू आहे का, हे विचारायचे असते आणि गरम-थंडाची जाणीव शाबूत आहे का, ते तपासायचे असते. हा क्रम पाठांतराने लक्षात राहतो, पण घाईच्या ओपीडीत बाहेर तीस रुग्ण थांबलेले असताना तो सुटतो. म्हणून मनात ती घाई उभी करूनच सराव करा : मागे कोणी तरी हाका मारते आहे, रुग्ण म्हणतो आहे "मागच्या वेळी विचारले नव्हते", आणि तरीही तुम्ही जाणीव तपासायच्या गरम-थंड पाण्याच्या परीक्षानळ्या हातात घेता. अतिदक्षता विभागात श्वासनलिकेतून सक्शन करताना, म्हणजे साचलेला कफ ओढून काढताना, कॅथेटर (बारीक नळी) आत गेल्यावर दहा-पंधरा सेकंदांच्या आत बाहेर यावे लागते. ते सेकंद मनात मोजत, मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा खाली येताना पाहत सराव केला तर प्रत्यक्ष वेळी हात थरथरत नाही.

यालाच जोडून सांगते की, फक्त सगळे सुरळीत होण्याचाच सराव करू नका. वरच्या उदाहरणात आजी उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला, तर? बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा रक्तदाब उभे करताना घसरू शकतो. त्या क्षणी त्यांना लगेच परत बसवणे, गरज पडल्यास आडवे करून पाय वर घेणे, रक्तदाब मोजणे आणि सिस्टरना कळवणे, हा मार्ग मनात आधी तीन-चार वेळा चाललेला असला पाहिजे. इंटर्नशिपमध्ये गोठून जाणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना ज्ञान नसते असे नाही, पण त्यांनी त्या क्षणाची कल्पनाच कधी केलेली नसते.

काही विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, मला डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही." ते खरे सांगत असतात. अॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी 2015 साली अशा अवस्थेला 'अफँटेशिया' हे नाव दिले. अशांनी चित्राचा आग्रह सोडावा. हातांच्या छोट्या हालचाली करत, प्रत्येक कृती बोलत, स्पर्श आणि जोर आठवत सराव केला तरी चालतो. किंबहुना बोलून केलेला सराव मी सगळ्यांनाच सुचवते, कारण जोडीदार फोनवर असेल तरी तो ऐकून "ब्रेक लावला का?" असे विचारू शकतो. सुट्टीत जोडीदार नसल्याची तुमची अडचण यामुळे बरीचशी सुटेल.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. हात हलत नसलेल्या पक्षाघाताच्या रुग्णाला आपण सांगतो, "मनात मूठ उघडा, बंद करा." तीव्र, न थांबणाऱ्या वेदनेच्या रुग्णांसाठी आपण टप्प्याटप्प्याच्या कल्पना-व्यायामात चित्रातला हात-पाय डावा की उजवा हे ओळखणे, मग मनातली हालचाल आणि मग आरशात निरोगी अवयवाची हालचाल पाहणे वापरतो. जे साधन आपण रुग्णाच्या हाती विश्वासाने देतो, ते स्वतःच्या शिक्षणात मात्र क्वचितच वापरतो. अभ्यासक्रमात त्यासाठी दर आठवड्याला अर्धा तास तरी ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या सुट्टीबद्दल सांगायचे तर, निघण्यापूर्वी शिक्षकांकडून चार-पाचच कौशल्ये स्वतःच्या हाताने करून तपासून घ्या आणि शक्य असल्यास त्यांच्या परवानगीने तुमच्या हातांचे चित्रीकरण करून घ्या. गावी रोज एकाच वेळी वीस मिनिटे ठेवा. दोन मिनिटे चित्रीकरण पाहा, मग उभे राहून, घड्याळ लावून, मोठ्याने बोलत दोन कौशल्ये पूर्ण करा. जिथे चित्र पुसट झाले तिथे थांबून वहीत लिहा, अंदाजाने पुढे जाऊ नका. आठवड्यातून एकदा त्यात एखादी अडचण घाला. दोन-तीन आठवड्यांहून अधिक खंड पडू देऊ नका, कारण तोपर्यंत परिणाम बराच ओसरलेला असतो. कॉलेज उघडल्यावर पहिल्या दिवशी ती वही घेऊन प्लिंथपाशी जा आणि शिक्षकांना संपूर्ण चाचणी पुन्हा दाखवण्याची विनंती करण्याऐवजी वहीतल्या त्या तीन-चार जागाच विचारा. "माझा अंगठा इथे हवा की इथे?" असा प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थिनीला पाच मिनिटांत जे देता येते, ते पंधरा जणांच्या डेमोत तासाभरातही देता येत नाही.